फाटा, तिठा, चौफुली : सगळ्यांना ‘जंक्शन’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या जाळ्याचे संगणकीय प्रारूप करताना रस्ते जिथे मिळतात त्या बिंदूंना मराठीत काय म्हणावे? फाटा, तिठा, चौफुली या सगळ्यांसाठी एकच ‘जंक्शन’ चालेल का?

माझे मत : चालवू नये. गणितापुरते ‘शिरोबिंदू’ (रस्ते मिळतात तो बिंदू) आणि ‘कडा’ (दोन बिंदूंना जोडणारा रस्ता) हे शब्द आहेतच, ते वापरावेत. पण ठिकाणांची मराठी नावे पुसू नयेत, कारण त्यांत माहिती भरलेली आहे.

तिठा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. हा शब्द कोकणात रोजच्या बोलण्यातला आहे : हातखंबा तिठा, झाराप तिठा. कोल्हापूरकर तिकटी म्हणतात, पापाची तिकटी सगळ्यांना ठाऊक असते. चौफुलीवर चार रस्ते येतात, उदाहरणार्थ जळगावची अजिंठा चौफुली. म्हणजे एका बिंदूला किती कडा जोडल्या आहेत, हे नावातच मोजलेले आहे. प्रारूप करणारे हाच आकडा प्रत्येक बिंदूसाठी काढत बसतात.

फाटा मात्र वेगळा आहे. निव्वळ आकड्याने पाहिले तर फाटा आणि तिठा सारखेच, दोन्हीकडे तीन कडा. पण तिठ्यात तिन्ही वाटा बरोबरीच्या असू शकतात, फाट्यात एक रस्ता मुख्य असतो आणि दुसरा त्यातून फुटतो. शिवाय फाट्याला बहुधा नाव मिळते ते आडरस्त्याने जिथे पोचायचे त्या गावाचे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे आळेफाटा घ्या. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे ते आळे गाव तिथून काही अंतरावर आहे. फाटा मात्र स्वतःच बाजारपेठ झाला आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ताही तिथून जात असल्याने आता तिथे चार दिशांची वाहने येतात. नाव फाट्याचे, रूप चौफुलीचे! ठिकाण कसे वाढत गेले, याची खूण त्या नावात शिल्लक आहे.

म्हणून नावांच्या सारखेपणावरून बिंदू एकत्र करणारा संगणक इथे हमखास फसेल. आळे आणि आळेफाटा हे दोन बिंदू आहेत, त्यांना जोडणारी एक कडा आहे, आणि बसची वर्दळ मुख्यतः फाट्यावर आहे. दोन्ही एक केले तर गाव नकाशावर महामार्गावर येऊन बसते. रेल्वेने हा फरक ‘रोड’ जोडून दाखवला : नाशिक रोड, सावंतवाडी रोड. तिथेही स्थानक एकीकडे आणि ज्या गावाचे नाव ते दुसरीकडे.

नाक्याचे थोडे निराळे. जकातीसाठी वाहने अडवायची जागा हा त्याचा जुना अर्थ, त्यामुळे नाव नाका असले तरी तिथे रस्ते फुटतातच असे नाही. खिंडीतही रस्ता फुटत नाही, पण घाटमाथ्यावरून खाली उतरणारी सगळी वाहतूक तिथूनच जाते. बिंदूचे महत्त्व कडा मोजून ठरवणाऱ्या प्रारूपात ती खिंड दिसणारच नाही.

तेव्हा तक्त्यात एक रकाना कडांच्या संख्येचा ठेवा आणि दुसरा स्थानिक नावाचा, ‘फाटा’, ‘तिठा’ या शेपटासकट. ‘जंक्शन’ मनमाड, दौंड आणि मिरजेसाठी राहू द्या. मराठी कानाला तो शब्द रेल्वेचाच वाटतो.