व्रण: भरलेला की उघडा?

प्रश्न: माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह जुना आहे. उन्हाळ्यात त्या नवसाचं म्हणून पर्वतीला अनवाणी जाऊन आल्या आणि डाव्या अंगठ्याखाली फोड आला. तो फुटला, चिघळला, तीन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. घरी सोडताना मराठीत छापलेला कागद मिळाला. त्यात ‘डाव्या तळपायावर व्रण’ असं लिहिलं होतं. व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहते ती खूण, असं समजून आम्ही आठ दिवस ड्रेसिंग केलंच नाही. काल पाहिलं तर पायमोजा ओला. नणंद म्हणते, हा अल्सर आहे. पण अल्सर तर पोटात होतो ना? मग व्रण म्हणजे नक्की काय?
– एक सून, धनकवडी

उत्तर: तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी संपादकांना तुम्हाला फोन करायला सांगितलं होतं. ड्रेसिंग पुन्हा सुरू झालंय हे त्यांच्याकडून कळलं, म्हणून आता निवांतपणे शब्दाकडे वळतो.

ताई, तुम्ही काही चुकीचं वाचलं नाहीत. मराठी घरात व्रण म्हणजे खूणच. ‘कपाळावर उजवीकडे जुना व्रण’ असं आपण ओळखीची खूण म्हणून अर्जात लिहितो, तेव्हा कपाळातून पू वाहतोय असं कुणी समजत नाही. माझ्या आजीच्या गालांवर देवीचे वण होते. आम्ही पोरं त्या खळग्यांत बोट घालून मोजायला जायचो आणि धपाटा खायचो. हा ‘वण’ म्हणजे प्राकृतातून झिजत आलेला ‘व्रण’च. पालीत वण म्हणजे उघडी जखम. आपल्याकडे पोचेपर्यंत त्या शब्दावर खपली धरली आणि नुसता डाग उरला.

गंमत अशी की हा गोंधळ फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत व्रण या शब्दाची फोडच अशी केली आहे: जखम भरली तरी तिचा ठसा देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तो व्रण. म्हणजे जखम आणि तिची खूण एकाच शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहेत. पण जुने वैद्य पक्के होते. ते नुसतं ‘व्रण’ म्हणून थांबत नसत. बिघडलेला तो दुष्ट व्रण, स्वच्छ झालेला तो शुद्ध, भरत आलेला तो रुह्यमान आणि पूर्ण भरलेला तो रूढ. आम्ही आधुनिक लोकांनी ‘अल्सर’ला प्रतिशब्द हवा म्हणून ‘व्रण’ उचलला आणि विशेषण तिथेच टाकून आलो. तेव्हा तुमच्या घरचे आठ दिवस वाया गेले त्याचं पाप कागद लिहिणाऱ्याच्या माथी. तुमच्या नाही.

आता वैद्यकातला अर्थ. कातडीचा किंवा आतल्या ओल्या अस्तराचा थर तुटून, खालचा भाग झिजून उघडा पडला, की तो अल्सर, म्हणजे व्रण. विळीनं बोट कापलं ती जखम. कडा जुळवल्या की आठवड्यात मिटते. अल्सरमध्ये जुळवायला कडा समोरासमोर नसतातच, मधलं मांसच गेलेलं असतं. ते तळातून वर भरत यावं लागतं. मुळशीकडून माझ्या दवाखान्यात येणारे म्हातारे हे एका शब्दात सांगायचे: ‘भरंना झालंय, डाक्टर.’ याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

शिकत असताना सर आम्हाला व्रणाची कड, तळ आणि बूड वेगवेगळं सांगायला लावत. तळ म्हणजे डोळ्यांना दिसतो तो, बूड म्हणजे बोटांना लागतं ते. यांत गल्लत केली की तोंडी परीक्षेत गाडी अडलीच. पण खरी बोलते ती कड. उतरती कड असेल तर व्रण भरतोय. पंचानं भोक पाडल्यासारखी उभी कड असेल तर बहुधा तिथली संवेदना गेलेली, मधुमेही पायात हेच दिसतं. कड खालून पोखरलेली असेल तर क्षयाची शंका घ्यायची. आणि कड बाहेर उलटून फुलकोबीसारखी फुललेली दिसली, की कर्करोगाची शंका मनात ठेवून हसत हसत तुकडा तपासायला पाठवायचा आणि रात्री आपली झोप मोडायची.

नणंदबाईंचं बरोबर आहे. अल्सर कुठेही होतो, पण आपल्याकडे पोटाच्या अल्सरनं नाव खाऊन टाकलं. त्याचा दोष वर्षानुवर्षं मिसळीवर आणि काळजीवर गेला. बऱ्याच जणांच्या बाबतीत खरा गुन्हेगार हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू निघाला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळवलं. दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. मिसळीला मी निर्दोष सोडतो, तर्रीची हमी देत नाही.

आपण ‘तोंड आलंय’ म्हणतो तेही अल्सरच, फक्त लहान आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत जाणारे. मात्र तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्याच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरलेला चट्टा असेल, तर बोरोग्लिसरीन लावत बसू नये, दाखवावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर होतो तो शय्याव्रण. डोळ्याच्या बुबुळावर झाला आणि भरताना पांढरा ठसा राहिला, तर आजी ‘फूल पडलं’ म्हणते. इथे मराठीनं जखमेला आणि खुणेला वेगळे शब्द दिले, हे मला फार आवडतं.

सासूबाईंना पाय दुखतोय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा दुखत नसणार, आणि खरी अडचण तीच आहे. साखरेनं नसा बधिर झाल्या की दुपारच्या दगडी पायऱ्यांचा चटकाही कळत नाही. एप्रिल-मेमध्ये असे भाजलेले तळपाय मी दरवर्षी पाहत आलो आहे. नवस फेडायला देव बूट घालून आलेल्यालाही चालतो, पायथ्याशी काढायचेच असतील तर सकाळी लवकर जावं. आता ड्रेसिंगइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या जागेवर वजन पडू न देणं. चालताना दर पावलाला तो व्रण चेंगरत असेल तर वरून कुठलंही मलम लावा, भरणार नाही. त्यासाठी मिळणारं खास पादत्राण डॉक्टरांकडून लिहून घ्या. पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, साखर आटोक्यात आणा. हळद, कॉफीपूड, टूथपेस्ट यांतलं काही त्यावर नको, आणि गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं तर नकोच. आजूबाजूला लाली पसरली, वास आला, ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पुढच्या वेळी कागदावर ‘व्रण’ दिसला तर तिथल्या तिथे विचारा, ‘उघडा की भरलेला?’ आणि आज संध्याकाळी सासूबाईंचा उजवा तळपायही उलटा करून बघा. पर्वतीला त्या दोन्ही पायांनी गेल्या होत्या.