सॅक किती लिटरची, हे शेवटी ठरवा

तीन आठवड्यांचा पायी ट्रेक, अंदाजे 300 किलोमीटर, मुक्काम तंबूत, तयारीला चार महिने, आणि तुमचा प्रश्न एवढाच की सॅक 65 लिटरची घ्यावी की 75 ची. इतक्यात कुठलीच घेऊ नका. आत काय जाणार हे ठरायच्या आधी सॅक घरात आली, की तिच्यातली रिकामी जागा माणसाला बघवत नाही. तो ती भरतोच.

तुमची यादी वाचली. तीन पँट, दोन जाड टॉवेल, जाडजूड पुस्तक, दोन हेडटॉर्च. यातलं निम्मं 'लागलंच तर' म्हणून आलंय. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि एकेक वस्तू ठेवून ग्रॅम लिहून काढा. अन्न, पाणी, इंधन सोडून जे उरतं ते तुमचं बेस वेट. अन्न संपत जातं, हे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पाठीवर तेवढंच राहतं. थंडी कडाक्याची नसेल तर ते आठ-नऊ किलोंच्या आत आणायचा प्रयत्न करा. आणि काटछाट करायची तर तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि खुद्द सॅक इथून सुरुवात करा, कारण मोठं वजन या चौघांतच असतं. टूथब्रशचा दांडा कापणारे लोक मला भेटलेत. त्यांच्याच सॅकमध्ये तीन किलोंचा तंबू होता. एवढं जमलं तर 50-55 लिटर बहुतेक पुरतात. 75 विसरा.

पाठीवर किती चढणार हे खरं तर नकाशा ठरवतो. कोरडं, सुकं अन्न दिवसाला माणशी 700-800 ग्रॅम धरा. म्हणजे शिधा मिळण्याची दोन ठिकाणं पाच दिवसांच्या अंतरावर असतील तर निघताना जवळपास चार किलो नुसतं खाणं. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सवलत नाही. म्हणून आधी नकाशावर पाण्याच्या आणि शिध्याच्या जागांवर खुणा करा, आणि त्या ऋतूत तिथं पाणी असतं का हे स्थानिकांना विचारा. खाण्यात दाणे, सुकामेवा, तेलकट पदार्थ वाढवा: एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ किंवा गोड पदार्थातून चारच.

दिवसाचं अंतर ठरवताना सपाटीचा वेग धरू नका. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला हिशेब अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तो विश्रांती धरत नाही आणि जड सॅकही धरत नाही, तेव्हा येईल त्या उत्तरात सढळ हातानं भर घाला.

आता पायांकडे या. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही, आणि मोहिमा अर्धवट सुटतात त्या बऱ्याचदा पायांमुळेच. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यायला जा, तिकडे घालणार तेच मोजे घालून. उतारावर उभं राहून बघा. अंगठा पुढे टेकत असेल तर आठवडाभरात नख काळं पडणार. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, त्यामुळे वाट अगदीच खडकाळ किंवा बर्फाची नसेल तर जड चामडी बुटांचा हट्ट नको.

फोड एकदम येत नाही. आधी टाचेवर किंवा करंगळीपाशी जागा चुरचुरते. 'पुढच्या थांब्यावर बघू' असं सगळेच म्हणतात. तसं न करता तिथंच बसा, मोजा काढा, वाळू झटका, पाय कोरडा करा. लाल झालेल्या चकतीपेक्षा मोठी चिकटपट्टी कापा आणि तिचे कोपरे गोल करा, नाहीतर ते मोज्याला घासून गुंडाळले जातात आणि तिथंच नवीन फोड धरतो. चिकटवल्यावर तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरा. पाच मिनिटांचं काम आहे.

सामानाची काळजी करणाऱ्यांना एमा गेटवूड यांचं उदाहरण लगेच आठवतं. 1955 मध्ये वयाच्या 67 व्या वर्षी त्या अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकट्या चालल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. त्यावरून तंबू नको असा निष्कर्ष काढू नका. ती बाई आयुष्यभर शेतावर राबलेली होती, तयारी अंगातच होती. आपली ती चार महिन्यांत करायचीय.

स्नायू लवकर तयार होतात, कंडरा आणि सांधे हळू. त्यामुळे पहिल्या महिन्यात दम पुरतोय म्हणून अंतर दुप्पट करू नका. वजन न घेता सुरुवात, मग दर आठवड्याला थोडं थोडं. जिने चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या. मांड्या आणि गुडघे उतारावरच बोलायला लागतात. शेवटच्या दोन महिन्यांत सलग दोन दिवस पूर्ण वजनासह चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय दुखतं, तीच तुमची खरी परीक्षा. त्यातली एक रात्र तंबूत, शक्यतो पावसात. डाउनची, म्हणजे मऊ पिसांची, स्लीपिंग बॅग भिजली की ऊब जवळपास संपतेच. ती कोरडी राहते का, हे घराजवळच कळलेलं बरं.

बाकीचं थोडक्यात. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर निकामी होऊ शकतो, आणि वरून काही कळत नाही. थंडीत रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, पॉवरबँकही. वाट 3000 मीटरच्या वर जात असेल तर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. आणि घरी एकाकडे कागदावर लिहून ठेवा: कुठल्या रात्री कुठं मुक्काम, संपर्क कधी होणार, आणि किती तास उलटले की कुणाला फोन करायचा. 'काळजी वाटली तर' असं मोघम नको, तास लिहा.

वजनं घालून यादी पुन्हा टाका, मग सॅकचं बोलू.