तड्याच्या टोकाशी नेमकं काय मोजायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातपूरला डिझाइनचं काम करतो. ब्रॅकेटमधल्या तड्याच्या टोकाशी मेश (संगणकावर हिशोबासाठी भागाचे लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून केलेली जाळी) दर वेळी निम्म्याने बारीक केली, तर स्ट्रेस (ताण) 600, मग 850, मग 1200 मेगापास्कल आला. खरा आकडा कोणता?

एकही नाही. दर वेळी आकडा साधारण 1.4 पट वाढलाय, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. हा योगायोग नव्हे. लवचिक पदार्थात स्ट्रेस टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो; टोकावर तो अनंत. मेश कितीही बारीक करा, आकडा थांबणार नाही. मोजायचा तो अर्विन यांनी 1957 मध्ये मांडलेला स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे ‘के’ : टोकाभोवतीचा स्ट्रेस किती तीव्र आहे याचं माप. रिपोर्टात टोकावरच्या त्या लाल ठिपक्याचा (चित्रातल्या सर्वाधिक स्ट्रेसच्या जागेचा) आकडा छापणं बंद करा. (ग्राहकाला नेमका तोच बघायला आवडतो, हे वेगळं दुखणं.)

‘के’ काढायला राइस यांचं 1968 चं जे-इंटिग्रल (तडा वाढताना सुटणाऱ्या ऊर्जेचं माप, त्यावरून ‘के’ निघतो) मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ते टोकाला वळसा घालणाऱ्या वाटेवर काढतात आणि वाट बदलली तरी उत्तर बदलायला नको. म्हणून चार-पाच वलयांवर काढा, टोकाला चिकटलेलं पहिलं वलय सोडून द्या आणि बाकीची जुळतात का बघा. जुळली नाहीत तर दोष मेशमध्ये शोधा.

प्रश्न : गंगापूर रोडवर इंजिनिअरिंगला आहे. क्वार्टर-पॉइंट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये वेगळं निवडावं लागतं का?

एलिमेंट तेच, नेहमीचं आठ नोडचं (नोड म्हणजे एलिमेंटच्या कोपऱ्यांवरचे आणि कडांच्या मध्यावरचे बिंदू). फक्त तड्याच्या टोकाला भिडणाऱ्या कडांवरचा मधला नोड सरकवून टोकापासून पाव अंतरावर आणायचा. तेवढ्यानं त्या कडेवर स्ट्रेनला (ताणामुळे होणाऱ्या विकृतीला) वर्गमुळाचा तो आकार आपोआप येतो. हेन्शेल आणि शॉ यांनी 1975 मध्ये आणि बार्सूम यांनी 1976 मध्ये हे दाखवलं. व्हायवाआधी एक तपासणी करा : रुंद पट्टी, मधोमध 20 मिमीचा आरपार तडा, तड्याला काटकोनात 100 मेगापास्कल ओढ. ‘के’ 17.7 मेगापास्कल-रूट-मीटरच्या आसपास आला पाहिजे. पट्टी तड्याच्या दहापट तरी रुंद हवी.

प्रश्न : तडा वाढताना प्रत्येक पावलाला नवी मेश करून कंटाळलो. एक्सएफईएम (एक्स्टेंडेड फायनाइट एलिमेंट मेथड) घ्यावं की बाउंड्री एलिमेंट पद्धत? (सिन्नर)

तडा कुठून जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर दोन्ही नकोत. वाट वळणावळणाची असेल तर एक्सएफईएम. 1999 साली बेलिश्को यांच्या गटाने आणलेल्या या पद्धतीत तडा एलिमेंटच्या मधूनही जाऊ शकतो. बाउंड्री एलिमेंटमध्ये फक्त कडांची मेश लागते, पण तड्याचे दोन्ही काठ एकाच जागी असल्यानं दोघांची समीकरणं सारखीच येतात आणि गणित सुटत नाही. पोर्तेला, अलियाबादी आणि रूक यांनी 1992 मध्ये एका काठावर विस्थापनाचं (बिंदू किती सरकतो त्याचं) आणि दुसऱ्यावर पृष्ठबलाचं (काठावरच्या बलाचं) समीकरण वापरून ही गाठ सोडवली. मात्र मॅट्रिक्स भरगच्च होते; मोठ्या मॉडेलला जड जाते.

प्रश्न : अंबडला माझी प्रेस आहे. फ्रेमला तडा गेलाय. वेल्डर म्हणतो टोकाला भोक पाड. चालेल?

काही काळ. आधी डीपी टेस्ट (तड्यात रंग मुरवून तो दिसेल असं करणारी तपासणी) करून खरं टोक शोधा. भोक खऱ्या टोकाच्या अलीकडे पडलं तर तडा पलीकडे चालूच राहील. आणि टनेज (प्रेसचा दाब) उतरवा. लोडच्या दर फेरीला तडा किती वाढतो हे सांगणाऱ्या पॅरिस यांच्या नियमात पोलादाचा घातांक साधारण 3 असतो, म्हणजे लोड निम्मा केला तर तड्याची वाढ आठव्या हिश्शावर येते. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.