ईसॉपच्या आशेवर पगार अर्धा करावा का?

प्रश्न: वय 26. पुण्यात 14 जणांच्या स्टार्टअपमध्ये अडीच वर्षं काम करतोय, हातात 62,000 येतात. मालक म्हणतात, जुलैपासून अर्धा पगार घे, उरलेल्याचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क, देतो. एका मोठ्या आयटी कंपनीची 88,000 ची ऑफरही आहे. पुढच्या वर्षी एमबीएसाठी आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) किंवा आयआयएमला जायचंय. स्टार्टअपच्या अनुभवाला तिथे वजन मिळतं ना?

उत्तर: मिळतं, पण सगळीकडे सारखं नाही. कॅट या प्रवेश परीक्षेवरून निवड करणाऱ्या अनेक आयआयएममध्ये पदवीनंतरच्या पूर्णवेळ नोकरीचे महिने मोजतात. कंपनी 14 जणांची की 14 हजारांची, याला त्या हिशेबात गुण नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत राज्याच्या सीईटी परीक्षेवरून भरल्या जाणाऱ्या जागांना तर अनुभव विचारतच नाहीत. आयएसबीत मात्र निबंध आणि शिफारसपत्र वाचलं जातं, तिथे ‘हे काम मी उभं केलं’ असं सांगता येणं कामाचं. फक्त ते कागदावर दिसायला हवं: नेमणूकपत्र, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), कंपनी पीएफ कापत असेल तर त्याचं पासबुक, बँकेत जमा झालेला पगार.

आता ईसॉप. कायद्यानेच ते दिल्यापासून किमान 1 वर्ष तुमच्या हक्काचे होत नाहीत. जुलैत मिळाले तर पुढच्या जुलैपर्यंत थांबावं लागेल, आणि तुम्ही त्याआधीच कॉलेजात असाल. म्हणजे अर्धा पगार सोडून हातात शून्य. ऑफरच्या तुलनेत महिना 57,000, एप्रिलपर्यंतच्या 10 महिन्यांत 5.7 लाख. हा प्रस्ताव सरळ नाकारा.

राहिला प्रश्न पूर्ण 62,000 वर थांबायचं की 88,000 घ्यायचे. फरक 10 महिन्यांचा 2.6 लाख. 40 लाखांचं शैक्षणिक कर्ज 9 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 50,700 बसतो, कर्ज 2.6 लाखांनी कमी झालं तर तो जेमतेम 3,300 ने उतरतो. तेवढ्यासाठी नव्या ठिकाणी जाऊन, अर्ज करताना जेमतेम तीन महिन्यांची ओळख असलेल्या साहेबाकडे शिफारसपत्र मागायचं? मला पटत नाही. शिवाय आयटीत अनेकदा 90 दिवसांची नोटीस आणि जॉइनिंग बोनस परत करण्याची अट असते, ऑफर लेटर नीट वाचा.

पण अर्धा पगार सुचवणाऱ्या मालकाच्या गल्ल्यात खडखडाट असण्याची शक्यता मोठी. त्यांना स्पष्ट विचारा, सगळ्यांचे पगार किती महिने निघतील एवढे पैसे बँकेत आहेत? उत्तर दहापेक्षा कमी आलं, किंवा त्यांनी विषय बदलला, तर 88,000 घ्या. शिफारसपत्राचा शब्द मात्र निघण्याआधीच त्यांच्याकडून घेऊन ठेवा.