हसऱ्या सूर्याची एलपी

प्रश्न : काकांच्या जुन्या रेकॉर्डी आवरताना हसऱ्या सूर्याचं चित्र असलेली ‘क्लाटू’ नावाची एलपी मिळाली. वादकांची नावं कुठेच नाहीत. काका म्हणायचे, हे नाव बदलून गाणारे बीटल्सच. खरं काय? आणि सुरुवात कोणत्या गाण्याने करू? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : बीटल्स नव्हेत. ही कॅनडातल्या टोरंटोची मंडळी : जॉन वोलोशक, डी लाँग आणि टेरी ड्रेपर. ‘क्लाटू’ हे बँडचंच नाव, १९५१च्या एका विज्ञानपटातल्या परग्रहवासीयाचं. पण काकांना बोल लावू नका. १९७६ साली ही एलपी आली ती वादकांच्या नावांशिवाय, अमेरिकेत कंपनीही बीटल्सचीच, कॅपिटॉल. फेब्रुवारी १९७७मध्ये प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्राने शंका छापली, कंपनीने ती धड खोडली नाही आणि रेकॉर्डी धडाधड खपल्या. पुढे खरं कळलं, तेव्हा लोक या तिघांवरच उखडले. मला याची आजही चीड येते. त्यांनी कधी ‘आम्ही बीटल्स’ म्हटलंच नव्हतं! आपलं संगीत नावाशिवाय ऐकलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सुरुवात पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्याने करा, ‘सब-रोझा सबवे’. आल्फ्रेड बीच या गृहस्थाने १८७०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली हवेच्या दाबावर चालणारी छोटी भुयारी गाडी सुरू केली. परवानगी टपालाच्या नळ्यांची आणि खोदलं माणसांसाठी भुयार, तेही गुपचूप. आपली नागपूरची मेट्रो सीताबर्डीवर उंच खांबांवरून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धावते. त्या बिचाऱ्याला जमिनीखाली लपून काम करावं लागलं. गाण्यात त्याच्याबद्दल नुसतं कौतुक आहे. एकदा फक्त बेस गिटारकडे (खालच्या, जाड सुरांच्या गिटारकडे) कान द्या : तो ठेका धरून बसत नाही, गायकाच्या चालीखालून स्वतःची दुसरी चाल गात जातो. वर ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यं चढत जातात. शेवटाकडे बारीक टिकटिक ऐकू येईल. ती रेकॉर्डची खरखर नव्हे, मोर्स कोडमधला निरोप आहे. काकांना बीटल्सचा बेसवादक मॅकार्टनी ऐकू आला तो इथेच, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग पहिलं गाणं घ्या, परग्रहवासीयांना साद घालणारं, सात मिनिटांहून मोठं. १९७७मध्ये कारपेंटर्स या अमेरिकी बहीण-भावाच्या जोडीने ते गायलं आणि जगभर गाजलं ते त्यांचंच. सुबक आहे, पण मला मूळच आवडतं. त्यात खरोखर कुणीतरी उत्तर देईल अशी वाट पाहणं आहे.

पुढची एलपी ‘होप’ (१९७७) मिळाली तर सोडू नका. उद्ध्वस्त ग्रहावर उरलेला एकटा दीपगृहाचा रखवालदार, आणि त्याच्यासाठी रचलेली गाणी. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम. १९८०च्या ‘एंडेंजर्ड स्पीशीज’मध्ये कंपनीच्या आग्रहाने आवाज गुळगुळीत झाला, ती मागाहून ऐकली तरी चालेल. १९८२मध्ये बँड संपला.

रेकॉर्ड लावण्याआधी मऊ कोरड्या फडक्याने खाचांच्या दिशेनेच पुसा, आणि सुई जुनी असेल तर आधी ती बदला.