बसवाला 'डुक' म्हणतो तेव्हा

प्रश्न : मुलगा शिकायला नॉटिंगहॅमला गेला आहे. बसचा ड्रायव्हर, दुकानदार, सगळे त्याला 'मी डक' म्हणतात. डक म्हणजे बदक ना? ही टवाळी आहे का? त्याने काय उत्तर द्यावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : टवाळी अजिबात नाही. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर आणि पश्चिमेकडे स्टोक-ऑन-ट्रेंट या पट्ट्यात अनोळखी माणसाला हाक मारायचा हा रोजचा शब्द आहे. बाई पुरुषाला म्हणते, तसाच पुरुष पुरुषालाही म्हणतो. पुढचं 'मी' म्हणजे 'माय', माझं. मुलाला एक सांगा : तिथे हा शब्द 'डक' असा नाही, 'डुक' असा ऐकू येतो. मध्य आणि उत्तर इंग्लंडमध्ये बसचं 'बुस' होतं, लव्हचं 'लुव्ह' आणि अपचं 'उप'. म्हणून 'एय् उप, मी डुक' हे पहिल्यांदा कानावर पडलं की इंग्रजी वाटतच नाही. अर्थ एवढाच, की काय, कसं काय? तेच 'एय् उप' झटक्यात आणि चढ्या आवाजात आलं, तर मात्र 'अरे, सांभाळ!'

उत्तरादाखल 'ऑलराइट' पुरे. उतरताना 'चीअर्स' किंवा 'ता' म्हणावं, दोन्ही आभाराचेच शब्द. 'यू ऑलराइट?' असं कोणी विचारलं तर आपण आजारी दिसतो की काय, असं नव्या मुलांना वाटतं आणि ती तब्येतीचा पाढा वाचू लागतात. ती चौकशी नसते, नमस्कार असतो. 'या, यू?', म्हणजे 'हो, तू?', एवढं म्हणून पुढे चालावं. पहिले काही महिने स्वतः कोणाला 'डुक' म्हणू नये. आपल्याकडे 'चला राव' किंवा 'काय मर्दा' बाहेरच्याच्या तोंडी चटकन बसत नाही, तसंच हे. सूर चुकला की नक्कल केल्यासारखं वाटतं आणि समोरचा दुखावतो.

प्रश्न : मी परिचारिका आहे. लवकरच न्यूकॅसलच्या रुग्णालयात रुजू होणार आहे, मैत्रीण शेफील्डला जाते आहे. भाषेची परीक्षा दोघी पास झालो, पण वयस्कर पेशंटचं बोलणं कळेल का, ही धास्ती आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : धास्ती रास्त आहे, कारण परीक्षेत जे इंग्रजी विचारतात ते वॉर्डात फार थोडे पेशंट बोलतात. संबोधनं आधी पाहू. न्यूकॅसलला तुम्हाला 'पेट' म्हणतील, जुनी माणसं 'हिनी'ही म्हणतील. हिनी म्हणजे हनीच. शेफील्डला 'लुव्ह', तेही पुरुषाने पुरुषाला म्हटलेलं ऐकाल. यात चिंता करण्यासारखं काही नाही.

खरी अडचण आजाराच्या आणि वेळेच्या शब्दांची. 'आय फील बॅडली' हे यॉर्कशरमध्ये, म्हणजे शेफील्डच्या परगण्यात, आणि न्यूकॅसलकडच्या ईशान्य इंग्लंडमध्ये 'मला बरं वाटत नाही' या अर्थाने येतं. 'पुअरली' हा शब्द पेशंटच्या तोंडी साधं आजारपण सांगतो, पण डॉक्टरांनी 'व्हेरी पुअरली' म्हटलं तर प्रकृती गंभीर आहे असं समजा. 'गिपिंग' म्हणजे कोरडे उमासे, हा यॉर्कशरचा शब्द. 'नेश' म्हणजे ज्याला थंडी लवकर बाधते तो. 'वॉटरवर्क्स' ही लघवीची तक्रार. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणं, पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला पेनीचं नाणं घालावं लागे त्यावरून. 'बेर्न' म्हणजे मूल. पेशंट स्कॉटलंडकडचा असेल तर 'ऑक्स्टर' म्हणजे काख आणि 'पीली-वॉली' म्हणजे फिकुटलेला, गळून गेलेला.

दोन ठिकाणी चूक महागात पडते. पहिलं जेवण. उत्तरेत पुष्कळांचं 'डिनर' दुपारी असतं आणि 'टी' म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण. 'डिनरनंतर गोळी घेतली' असं ऐकून रात्रीची वेळ लिहिली, तर पुढच्या डोसचं गणित चुकतं. इन्शुलिनच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. म्हणून जेवणाचं नाव न घेता 'किती वाजता?' असंच विचारा. 'हाफ एट' म्हणजे साडेआठ, तिथे गोंधळ नाही. दुसरा शब्द शेफील्डच्या मैत्रिणीसाठी : 'स्पाइस'. तिकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो मसाला नसतो, गोळ्या-चॉकलेटं असतात. मधुमेहाच्या आजीबाई 'थोडं स्पाइस खाल्लं' म्हणाल्या तर त्यांनी साखर खाल्ली आहे. हेच नाव आता एका कृत्रिम अमली पदार्थालाही आहे, तेव्हा तरुण पेशंटकडून ऐकलंत तर नेमकं काय घेतलं ते स्पष्ट विचारा.

ड्यूटीबद्दलही सांगायला हवं. यॉर्कशरमध्ये 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'व्हाइल' तिथे 'पर्यंत' या अर्थाने येतो.

शब्द कळला नाही तर हसून मान डोलावू नका. 'कुठे दुखतं ते दाखवा' म्हणा आणि आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करा. नोंद करताना पेशंटचा शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहावा आणि पुढे त्याचा प्रमाण अर्थ. तुम्ही मात्र पेशंटला 'पेट' किंवा 'लव्ह' म्हणू नका. मिस्टर किंवा मिसेस लावून आडनावाने सुरुवात करा आणि काय म्हटलेलं आवडेल ते विचारा. आजारपणात परक्याने केलेली सलगी अनेक वृद्धांना खुपते.

प्रश्न : ब्रिस्टलमध्ये दुकानदार मुलींना 'माय लव्हर' म्हणतात हे खरं का? मुलीने काय करावं?
– एक आई, ठाणे

उत्तर : खरं आहे. ब्रिस्टल, सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल या नैर्ऋत्य भागात ते बाईमाणसालाही म्हणतात आणि पुरुषालाही, दुकानातली आजीही म्हणते. प्रेमाबिमाचा संबंध नाही. कॉर्नवॉलला 'माय हँसम' ऐकू येईल, ह गाळून. स्कॉटलंडच्या ग्लासगोत 'हेन', म्हणजे कोंबडी, पण तो फक्त स्त्रीला. शब्दावरून माणूस ओळखू नये, वागण्यावरून ओळखावा. सुट्टे पैसे देताना एकदा म्हटलेलं 'माय लव्हर' सोडून द्यावं. तोच माणूस वाट अडवून, अंगचटीला येऊन तेच म्हणत असेल तर तो बोलीचा भाग नाही आणि 'इथली पद्धत आहे' हे कारण मुलीने ऐकून घेऊ नये.

प्रश्न : इंटरनेटवरच्या बोलीशब्दांच्या लांबलचक याद्या पाठ कराव्यात का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नको. १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने इंग्लंडभर ३१३ ठिकाणी बोलींची मोठी पाहणी झाली. माहिती देणारे बहुतेक खेड्यातले, शेतीतले वृद्ध होते. काम अनमोल आहे, पण त्यातले कित्येक शब्द आजच्या शहरी तरुणांना माहीत नाहीत. ज्या गावी जायचं तिथले वीसेक शब्द पुरेत.

प्रश्न : या शब्दांचं आपल्या भाषेशी काही नातं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि ते जवळचं आहे. ग्लासगोतला माणूस 'पॅल' म्हणतो. हा शब्द इंग्रजीत रोमानी भाषेतून आला. रोमानी म्हणजे मूळ भारतातून युरोपात गेलेल्या रोमा (जिप्सी) लोकांची भाषा. त्या भाषेत त्याचा अर्थ भाऊ, आणि मूळ संस्कृत 'भ्रातृ'. आपला 'भाऊ' त्याच मुळाचा. म्हणजे ग्लासगोचं 'पॅल' आणि कोल्हापूरचं 'भावा' खरोखरच एका घरातले आहेत. दोन्ही मायेनेही म्हणतात आणि भांडण पेटण्याआधीही : 'लिसन, पॅल' असं सावकाश, दातओठ आवळून आलं तर तिथून निघावं.

दुसरा शब्द तुमच्या शेजारचाच. डोकं फिरलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये 'डुलॅली' म्हणतात, ते आपलं देवळाली. मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत पडून राहत. उकाडा, रिकामपण आणि तापाने कंटाळून गेलेल्यांबद्दल 'डुलॅली टॅप' हा वाक्प्रचार रूढ झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.