बुलेट ३५० ची ५०० केली, आता कार्ब्युरेटर कसा सेट करू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वडिलांची जुनी कास्ट आयर्न बुलेट, तिला ५०० चा बोअर-पिस्टन आणि हेड बसवलं, कार्ब्युरेटर मात्र मूळचा, मिककार्ब कंपनीचा २४ मिमी गळ्याचा. इंजिन मोठं झालं म्हणून मेकॅनिकने मेन जेटही (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य छिद्र) मोठा टाकला. आता रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि पूर्ण रेस दिली की गाडी घुसमटते.

मीही हाच उद्योग केला होता. आधी तो मोठा जेट काढा आणि जुना परत बसवा.

कार्ब्युरेटरला सीसी कळत नाहीत. त्याच्या गळ्यातून हवा किती जोरात जाते तेवढंच त्याला कळतं, आणि त्या ओढीनुसार तो जेटमधून पेट्रोल वर खेचतो. तुमचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमीच राहिला, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० चा ८४ झाला. ३४६ सीसीचे ४९९ झाले. म्हणजे जवळपास १.४४ पट हवा त्याच २४ मिमीच्या गळ्यातून जाणार. वेग वाढला, ओढ वाढली, की पेट्रोल आपसूकच जास्त येतं. त्यावर आणखी मोठा जेट टाकला तर वरच्या रेसला इंजिन पेट्रोलात बुडणारच.

गळा मोठा केला की गणित उलटतं. २८ च्या कार्बमध्ये तेवढीच हवा सावकाश जाते, ओढ कमी पडते, म्हणून जेट वाढवावा लागतो. २८ च्या गळ्याचं क्षेत्रफळ २४ च्या १.३६ पट, म्हणजे ५०० ला २८ हे प्रमाण ३५० ला २४ असण्यासारखंच. कंपनीच्या ५०० वरही २८ चाच यायचा. तरी माझं मत विचाराल तर रनिंग-इन संपेपर्यंत, म्हणजे नवे भाग एकमेकांत नीट बसेपर्यंत, २४ च ठेवा. शहरात गाडी छान ओढते, फक्त वरचा दम कमी राहतो, आणि नव्या पिस्टनला सध्या तो नकोच आहे.

आता फटाके. त्यांचा मेन जेटशी काही संबंध नाही. मेन जेटचा अंमल शेवटच्या पाव रेसमध्ये. रेस सोडल्यावर कारभार पायलट जेटकडे, म्हणजे स्लोसाठीच्या छोट्या जेटकडे असतो. तिथे मिक्श्चर पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल किंवा कुठून तरी चोरटी हवा येत असेल तर फटाके होतात. मी दोन रविवार जेट बदलण्यात घालवले आणि शेवटी सापडलं काय, तर मॅनिफोल्डचं (कार्ब आणि हेड जोडणाऱ्या नळीचं) पॅकिंग एका बाजूने दबलंच नव्हतं. गाडी स्लोला चालू ठेवून त्या सांध्यावर फवाऱ्याने पाणी मारा. आवाज बदलला तर चोर तिथेच. या कास्ट आयर्न इंजिनच्या हेडमध्ये सायलेन्सरचा बेंडपाइप नुसता ठोकून बसवलेला असतो, तोही ढिला नाही ना ते बघा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि प्लॅटिनमचा (ठिणगीच्या पॉइंटचा) गॅप नीट नसेल तर कार्बला हातच लावू नका.

मग हँडलवर कागदी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण रेसच्या खुणा करा. सगळ्यात उपयोगी हत्यार हेच, आणि फुकटचं. इंजिन चांगलं गरम झालं की एअर स्क्रू फिरवत स्लो सगळ्यात स्थिर कुठे लागतो ते शोधा. आत घेतला की मिक्श्चर जाड, बाहेर सोडला की पातळ. एका फेऱ्याच्या आतच चांगला लागला तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेला तर लहान. पाव ते पाऊण रेस नीडलची, म्हणजे रेसबरोबर वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईची: तिच्यावरचा लॉक एक खाच खाली सरकवला की नीडल वर येते आणि मिक्श्चर जाड होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहून ठेवा. मी लिहीत नव्हतो, म्हणून तर दोन रविवार गेले.

मेन जेट सर्वांत शेवटी, तोही रनिंग-इननंतरच. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसला थोडं अंतर चालवून तिथेच क्लच दाबायचा, चावी बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. पांढराफटक दिसला तर पुढे जाऊ नका, पिस्टन जाईल. फिकट तपकिरी ठीक, काळी काजळी म्हणजे जाड. पुढे २८ बसवलात तर मी ११० च्या मेन जेटपासून सुरुवात केली होती, तुम्हीही तिथून करून बघा.

एक गोष्ट जुन्या मिस्त्रींच्या हिशोबात नसते, ती म्हणजे ई-२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे त्याच जेटवर आज गाडी थोडी पातळच चालते. जुन्या मॅन्युअलमधले आकडे त्यामुळे किंचित कमी पडले तर नवल वाटू देऊ नका. उलट महाबळेश्वरला गेलात आणि गाडी जड वाटली तर जेटला शिव्या नकोत. तिथे हवाच विरळ आहे.

जाता जाता: आरसीवर सीसी ३४६ च असणार. आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, ते आधी बघून घ्या. आणि पुढचा ड्रम ब्रेक ३५० चाच आहे हे घाटात विसरू नका.

जुना जेट बसवून, पॅकिंग तपासून झालं की गाडी टेपच्या कोणत्या खुणेवर अडखळते तेवढं इथे कळवा. मग नीडलचं बोलू.